कंपनीची गाडी माझ्या हातून ठोकली गेली. कंपनी म्हणते सगळा खर्च तू भर. हे कायद्याने बरोबर आहे का?

बरोबर नाही. समोरच्या माणसाला इजा झाली असेल तर त्याच्या भरपाईची जबाबदारी कंपनीवर येते, आणि गाडीचा थर्ड पार्टी विमा चालू असेल तर पैसे प्रत्यक्षात विमा कंपनी देते. गाडीचं स्वतःचं नुकसान हा वेगळा विषय आहे, त्याच्याकडे पुढे येतो. पण मी लिहायला बसलो ते तुमच्या एका वाक्यामुळे: ‘एचआरने एक कागद दिलाय, उद्यापर्यंत सही करून मागितलाय.’ असाच कागद माझ्या वडिलांपुढे ठेवला गेला होता.

वडील एका कंपनीचा डिलिव्हरीचा पिकअप चालवायचे. एका संध्याकाळी माल उतरवून परत येत असताना मॅनेजरचा फोन आला, वाटेत अमुक ठिकाणी माझं पार्सल आहे, तेवढं उचलून आण. पार्सल मॅनेजरच्या घरचं होतं. वडील नेहमीचा रस्ता सोडून तिकडे वळले आणि चौकात एका मोटरसायकलवाल्याला धडक बसली. त्याच्या मांडीचं हाड मोडलं. वडिलांनी त्याला त्याच पिकअपमध्ये घालून दवाखान्यात नेलं आणि तिथून ते स्वतः पोलीस ठाण्यात गेले. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ ड्रायव्हरला हेच करायला सांगतं. वडिलांना कलम माहीत नव्हतं, पण माणसाला रस्त्यावर टाकून जायचं नाही हे माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी कंपनीत त्यांच्यापुढे स्टॅम्प पेपर आला. अपघात माझ्या चुकीने झाला, मी ठरलेला रस्ता सोडला होता, त्यामुळे कंपनीचा संबंध नाही, सर्व खर्च मी देईन, पगारातून कापायला माझी हरकत नाही, असा मजकूर. मॅनेजर समोरच बसला होता. पार्सलबद्दल तो एक अवाक्षर बोलला नाही.

माझे काका त्याच कंपनीत अकाउंट्सला होते. वडिलांना ही नोकरी त्यांनीच लावून दिली होती. रात्री घरी आले आणि म्हणाले, ‘दादा, सही करून टाक. मालकाशी वाकडं घेऊन कुणाचं भलं झालंय? आणि गाडी तुझ्याच हातात होती ना?’ मी तेव्हा कॉलेजात होतो. मोठ्यांच्या बोलण्यात मध्ये पडलो, काकांनी मला गप्प बसवलं, तरी बोललो. वडिलांनी सही केली नाही. आमच्या दोन घरांमधला वाद तेव्हा सुरू झाला.

गाडी कुणाच्या हातात होती हा प्रश्न फौजदारी खटल्यात येतो. तिथे ड्रायव्हर एकटाच उभा असतो. आता भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ लागतं, आणि मृत्यू झाला असेल तर १०६. ती शिक्षा तुमच्या वतीने कंपनी भोगू शकत नाही. पैशाच्या दाव्यात मात्र विचारतात की गाडी कुणाच्या मालकीची आणि कुणाच्या कामावर होती.

‘रस्ता सोडला म्हणजे कंपनीचं काम नाही’ हा बचाव फार जुना आहे. १९६० साली एका जिनिंग कंपनीचा मॅनेजर कंपनीची मोटार घेऊन नागपूरहून पांढुर्ण्याला निघाला होता, बरोबर एका परिचितालाही घेतलं होतं. गाडी झाडावर आदळली आणि तो परिचित गेला. कंपनी म्हणाली, त्याला गाडीत घेणं हे काही आमचं काम नव्हतं. उच्च न्यायालयात कंपनी सुटलीसुद्धा. पण सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये ‘पुष्पाबाई उदेशी विरुद्ध रणजित जिनिंग’ या खटल्यात तो निकाल फिरवला. मॅनेजर कंपनीच्या कामावर होता, तेव्हा कंपनीच जबाबदार. माझ्या वडिलांना तर वरिष्ठाने फोन करून पाठवलं होतं.

काही महिन्यांनी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस घरी आली. सामनेवाला क्रमांक १ वडील, २ कंपनी, ३ विमा कंपनी. काका धावत आले, ‘बघ, पहिलं नाव तुझं!’ आई रडायला लागली. तुमच्याकडेही अशी नोटीस येईल तेव्हा घरच्यांना आधीच सांगून ठेवा की ड्रायव्हरचं नाव असतंच. त्याचा निष्काळजीपणा सिद्ध झाल्याशिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालचा दावा उभा राहत नाही. नोटिशीला घाबरू नका, पण तारखेला गैरहजरही राहू नका, नाहीतर एकतर्फी चालतं. वडील प्रत्येक तारखेला गेले. लायसन्स वैध निघालं, पॉलिसी चालू निघाली, आणि जखमीची भरपाई विमा कंपनीने भरली. वडिलांना त्यातला एक रुपयाही द्यावा लागला नाही.

पण पिकअपच्या दुरुस्तीसाठी कंपनीने त्यांच्या पगारातून दर महिन्याला रक्कम कापली. लेखी काहीच नाही, स्लिपवर नुसतं ‘इतर कपात’. आणि पुढे कित्येक वर्षांनी बोलता बोलता काकांच्याच तोंडून निघालं की त्या पिकअपचा फुल इन्शुरन्स होता, दुरुस्तीचा क्लेम पासही झाला होता, आणि ती एंट्री त्यांनी स्वतः मारली होती. म्हणजे एकाच पत्र्याचे पैसे कंपनीने विम्याकडूनही घेतले आणि माझ्या वडिलांकडूनही. हे आठवलं की आजही माझं डोकं तापतं.

१९३६ च्या वेतन कायद्यात याबद्दल स्पष्ट लिहिलेलं होतं आणि २०१९ च्या वेतन संहितेतही तेच आहे. नुकसान थेट तुमच्या हयगयीमुळे झालेलं असलं पाहिजे, तुम्हाला आधी तुमची बाजू मांडायची संधी दिली पाहिजे, आणि कपात प्रत्यक्ष नुकसानीपेक्षा जास्त असता कामा नये. विम्याने बिल भरल्यावर कंपनीचं नुकसान उरतं ते विमा न देणाऱ्या रकमेपुरतं, म्हणजे घसारा आणि पॉलिसीतली सक्तीची वजावट. त्याहून एक रुपया जास्त कापला तर तो तुमचा रुपया आहे.

आता काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या, त्या इथे सांगतो. तुम्ही प्यायलेले असाल तर माझ्या उत्तराचा आधार घेऊ नका. लायसन्स नसेल किंवा खोटं असेल तर विमा कंपनी हात झटकायला बघते. पुष्कळदा तिला आधी जखमीला पैसे देऊन मग मालकाकडून वसूल करायला सांगतात, आणि तसं झालं की मालक तुमच्याकडे वळणारच. मालकाने लायसन्स नीट तपासून घेतलं होतं का, यावर सर्वोच्च न्यायालयाच्या २००४ च्या स्वर्णसिंग निकालापासून बरंच अवलंबून असतं. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालतं, हे नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने कायम केलं, तेव्हा त्या मुद्द्यावर कुणी घाबरवत असेल तर ऐकू नका. आणि कुणाला न विचारता स्वतःच्या कामासाठी गाडी काढली असेल तर कंपनी सुटू शकते. १९६६ च्या एका खटल्यात टॅक्सी चालवायला घेतलेल्या माणसाने ती दुसऱ्याला लायसन्सच्या चाचणीसाठी दिली होती. त्या फेरीतल्या अपघातातून टॅक्सीचा मालक सुटला. तुम्हाला स्वतःला लागलं असेल तर तो हक्क वेगळा आहे, कामावर असताना झालेल्या इजेचा. तो सोडू नका.

काका आता निवृत्त आहेत. अजूनही भेटले की म्हणतात, ‘काही म्हण, चूक दादाचीच होती.’ होती. न्यायाधिकरणानेही तसंच म्हटलं आणि मी ते कधी नाकारलं नाही. काकांना इतकी वर्षं मी हेच सांगतोय, की चूक दादाची होती म्हणून तर पैसे कंपनीकडे मागितले गेले. दादाची चूक नसती तर कलम १६६ खाली त्या जखमीला कंपनीकडूनही काही मिळालं नसतं. मालकाची जबाबदारी सुरूच होते नोकराच्या चुकीपासून. ‘चूक कुणाची’ एवढं विचारून ‘भरायचे कुणी’ हे ठरत नाही, आणि तुमची एचआर नेमकी हीच गल्लत करतेय.

त्या कागदावर सही करू नका. जखमीवर तो कागद बंधनकारक नाही, पण ‘चूक माझी’ हे तुमच्या सहीचं वाक्य फौजदारी खटल्यात तुमच्याविरुद्ध जाऊ शकतं. त्या दिवशी गाडी कुणाच्या सांगण्यावरून, कुठे निघाली होती ते आजच ईमेलने कंपनीला कळवा. फोन किंवा मेसेज आला असेल तर त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा, माझ्या वडिलांकडे तो नव्हता. आणि कपातीचा विषय निघाला की आधी लेखी विचारा, गाडीच्या दुरुस्तीसाठी विम्याकडून किती रक्कम मिळाली.