फ्लॅशचा प्राणी: ब्लॉक करायचा तर कधी उतरवायचा?

हे बघ भाऊ, मॅजिक द गॅदरिंग या कार्डांच्या खेळात नवीन पोट्टे इथंच फसतात. समोरच्यानं अटॅकर जाहीर केले की त्याच स्टेपमध्ये, ब्लॉकर ठरवायच्या आधी, फ्लॅशचा (म्हणजे समोरच्याच्या टर्नमध्येही टाकता येणारा) प्राणी टाकायचा. 'ब्लॉक नाही' म्हटल्यावर टाकलास तर तो नुसता बघत बसणार. कारण ब्लॉकर स्टेप सुरू होताच आधी ब्लॉक ठरतात, मग प्रायॉरिटी, म्हणजे काही टाकायची संधी, मिळते. मधे फट नाही. म्हणून अटॅकर आडवे (टॅप) झाले की स्पष्ट बोल, 'थांब, ब्लॉकच्या आधी माझं एक आहे.'

समनिंग सिकनेसची (नवा प्राणी लगेच अटॅक करू शकत नाही, त्या नियमाची) काळजी नको, तो ब्लॉकला आडवा येत नाही. प्राणी फक्त अनटॅप, म्हणजे उभा, हवा.

अँबुश वायपर घे: दोन माना (टाकायची किंमत), २/१ (ताकद २, टिकाव १), फ्लॅश आणि डेथटच (ज्या प्राण्याला डॅमेज देईल तो मरतो). ६/६ वाला अंगावर आला तरी तो मरतो, अर्थात वायपरही जातो. घाई करून अटॅकच्या आधीच टाकलास तर समोरचा येडा थोडाच आहे, तो येणारच नाही! फ्लाइंगवाल्याला मात्र वायपर अडवू शकत नाही, आणि मेनेसवाल्याला दोन ब्लॉकर लागतात.

ब्लॉक झाल्यावर त्यानं तुझा ब्लॉकर मारला तरी अटॅकर ब्लॉक झालेलाच राहतो. ट्रॅम्पल (ब्लॉकर ओलांडून उरलेलं डॅमेज तुला देणं) नसेल तर तुला डॅमेज शून्य. पण ब्लॉकच्या आधीच मारला तर संपलं.

अटॅक आलाच नाही? त्याच्या एंड स्टेपला, म्हणजे टर्नच्या शेवटी, उतरव, तुझ्या टर्नला तो अटॅक करू शकतो.

आणि तर्रीपोह्याच्या हातानं कार्डं धरू नको, प्लॅस्टिकची स्लीव्ह असली तरी.