सी ड्राइव्ह लाल झालाय, प्रिव्ह्यू फाइल्स उडवू का?

प्रश्न: नमस्कार. आमच्या गावच्या जत्रेतलं दशावताराचं नाटक दोन कॅमेऱ्यांवर ४के मध्ये शूट केलंय, चार तासांचं. प्रीमियर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये घेतलं तर पेटी-पखवाज नीट ऐकू येतं पण चित्र अडकत अडकत चालतं, म्हणून सगळी टाइमलाइन रेंडर करत बसलो. आता सी ड्राइव्ह लाल झालाय, ९ जीबी उरलेत, आणि 'प्रिव्ह्यू फाइल्स' नावाच्या एकाच फोल्डरने ७० जीबी खाल्लेत. तो उडवला तर नाटक जाईल काय? (एक वाचक, मालवण तालुका)

उत्तर: नाही जाणार, पण उडवायच्या आधी एकदा तो फोल्डर उघडून नीट बघा. हे मी मुद्दाम सांगतोय कारण माझ्या ओळखीतल्या एकाने कार्डावरचं शूटिंग घाईघाईत प्रिव्ह्यूच्याच फोल्डरात कॉपी केलं होतं, आणि महिन्याभराने जागा करायला म्हणून अख्खा फोल्डर डिलीट केला. त्यात एका घरातल्या आजीचं शेवटचं शूटिंग होतं, ते परत मिळालं नाही. प्रिव्ह्यू म्हणजे रेंडर करताना सॉफ्टवेअरने स्वतःच्या सोयीसाठी करून ठेवलेली नक्कल, ती पन्नास वेळा परत करता येते. कार्डावरचं ओरिजिनल परत होत नाही, ते वेगळ्या डिस्कवर पाहिजेच, आणि त्याची दुसरी कॉपी पण.

पुसायचं कसं, तर एक्सप्लोररमधून नको. टाइमलाइन उघडी ठेवून 'सीक्वेन्स' मेन्यूत 'डिलीट रेंडर फाइल्स' आहे, ते करा. टाइमलाइनवरची हिरवी पट्टी (रेंडर झालेला भाग) परत लाल किंवा पिवळी (रेंडर न झालेला) होईल, घाबरू नका, तुमचे कट्स, टायटल्स सगळं जागेवरच असतं. आणि आधीच हाताने फोल्डर उडवला असेल तर प्रोजेक्ट उघडताना त्या फाइल्स कुठे आहेत असं विचारेल, तिथे 'स्किप प्रिव्ह्यूज' दाबायचं. मग 'प्रोजेक्ट सेटिंग्ज'मध्ये 'स्क्रॅच डिस्क्स'ला जाऊन व्हिडिओ आणि ऑडिओ दोन्ही प्रिव्ह्यूंची जागा बाहेरच्या एसएसडीवर द्या. मीडिया कॅशे (क्लिप्स आत घेताना सॉफ्टवेअर स्वतः बनवतं त्या मदतीच्या फाइल्स) हे वेगळं प्रकरण आहे, त्याची जागा 'प्रेफरन्सेस'मध्ये बदलते, आणि तोही बहुतेकांच्या सी ड्राइव्हवरच साठत असतो. तो पण पुसता येतो, फक्त पुढच्या वेळी प्रोजेक्ट उघडताना आवाजाच्या फाइल्स परत तयार होईपर्यंत थोडं थांबायला लागतं.

आता मूळ दुखणं. कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिटवर असेल तर तासाला ४५ जीबी होतात, दोन कॅमेरे चार तास म्हणजे ३६० जीबी, आणि तेही एच.२६४ या पद्धतीने दाबलेलं, ज्यात एकेक फ्रेम उलगडायला आजूबाजूच्या फ्रेम्स लागतात, लॅपटॉपला धाप लागते ती तिथे. म्हणून आधी प्रोग्रॅम मॉनिटरखाली 'फुल' लिहिलंय ते १/४ करा. ४के चं चित्र मग ९६० बाय ५४० मध्ये चालतं, म्हणजे पिक्सेल सोळाव्या हिश्श्यावर येतात. जरा धूसर दिसेल पण एक्सपोर्टवर याचा काडीचा परिणाम नाही, ही भीती खूप जणांना असते म्हणून स्पष्ट सांगतो. आणि 'पॉज्ड रिझोल्यूशन' मात्र फुलच ठेवा, म्हणजे थांबवलं की राजाच्या मुकुटावरचा फोकस नीट तपासता येतो. एवढ्यानेही अडकलं तर सरळ प्रॉक्सी (ओरिजिनलच्या हलक्या नकला, फक्त एडिटपुरत्या) बनवा, चार तासांच्या कामाला माझ्या मते तोच खरा उपाय, रात्री लावून झोपायचं (वीज जात असेल तर लॅपटॉपची बॅटरी भरलेली असू द्या).

आणि सगळी टाइमलाइन रेंडर करू नका हो. पिवळी पट्टी बऱ्याचदा तशीच नीट चालते. रात्रीच्या शूटला नॉइज काढायचा इफेक्ट लावला असेल तेवढाच तुकडा इन-आउट मार्क करून रेंडर करा, समजा संकासुराच्या एंट्रीचा, आणि तोही कट फायनल झाल्यावर, कारण नंतर काही हलवलं की हिरवं जाऊन परत लाल येतं आणि जुन्या फाइल्स मात्र डिस्कवर जागा अडवून बसतात. तुमचे ७० जीबी बहुतेक असेच साठलेत.

प्रश्न: एक्सपोर्ट करताना 'यूज प्रिव्ह्यूज' टिक केलं तर लवकर होतं म्हणतात. शिमग्याच्या पालखीचा व्हिडिओ आहे, करू का? (गुहागरहून)

उत्तर: प्रिव्ह्यूचा फॉरमॅट सीक्वेन्स सेटिंग्जमध्ये प्रोरेससारखा (कमी दाबलेला) चांगला ठेवला असेल तर करा, वेळ वाचतो. तिथे काहीच बदललेलं नसेल, 'आय-फ्रेम ओन्ली एमपेग' दिसत असेल, तर नको, आधीच दाबलेलं चित्र परत दाबलं जातं आणि उधळलेल्या गुलालात चौकोन चौकोन दिसायला लागतात. टिक काढा, वेळ जास्त लागला तरी चालेल.