847 वर थांबलेली वही

प्रश्न (पत्र थोडक्यात): मी राष्ट्रीयीकृत बँकेत अधिकारी आहे. आमचे चिरंजीव यंदा बारावी सायन्सला आहेत. दहावीला 93 टक्के होते, अकरावीत सप्टेंबरच्या चाचणीत फिजिक्सला 25 पैकी 9. कारण एकच, मामाने सिंगापूरहून आणलेला निन्टेंडो स्विच, म्हणजे गेम खेळायचं यंत्र. त्यावरचा झेल्डाचा एक गेम त्याला ‘शंभर टक्के पूर्ण’ करायचा होता. गोष्ट संपली, राक्षस मेला, तरी हा जंगलात बिया शोधत फिरायचा. रोज रात्री तासभर, शनिवार-रविवारी जास्त. त्याची वहीसुद्धा ठेवली होती. व्यसन कुठल्या थराला गेलं होतं ते कळावं म्हणून तिच्या तीन पानांचे फोटो जोडले आहेत. (एप्रिलमध्ये मी तो सगळा डेटा डिलीट करून टाकला.) त्यानंतर खूपच फरक आहे. पहाटे पाचला उठतो, क्लास बुडवत नाही, उलट बोलत नाही. फक्त गप्प असतो, ताटही खोलीत नेतो. आता ऐकतो की गेमिंगमध्ये मोठं करिअर आहे. एका संस्थेचा गेम डिझाइन आणि टेस्टिंगचा एक वर्षाचा डिप्लोमा आहे, फी साडेतीन लाख. मिसेसचं म्हणणं, त्याची आवड आहे तर तेच करू द्या. पैसे भरावेत का? – एक चिंतातुर वडील, कोथरूड

उत्तर:

आधी तुमच्या कंसाबद्दल बोलू.

तुम्ही मार्कांवर दीड पान लिहिलंत, डिप्लोमावर अर्धं. मुलाचं सेव्ह, म्हणजे गेममध्ये साठवलेली त्याची सगळी प्रगती, उडवलंत ते मात्र कंसात, एका ओळीत. मी पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तिथेच अडलो.

तुम्ही नेमकं काय पुसलंत, ते तुम्हाला ठाऊक नसावं. मलाही नव्हतं. माझ्या भाच्याने हा गेम खेळलाय, त्याला चहावर बोलावून समजून घेतलं. गेमचं नाव ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’, 2017 चा. भलामोठा मोकळा मुलूख आहे आणि त्यात कोरोक नावाचे 900 छोटे वनदेव लपलेले आहेत. कुठे डोंगरमाथ्यावरचा एकटा दगड उचलून बघायचा, कुठे दगडांच्या वर्तुळात एक कमी असतो तो आणून ठेवायचा, कुठे मूर्तीपुढे सफरचंद ठेवायचं. सापडला की तो एक बी देतो. बिया एका बुवाला दिल्या की शस्त्रं ठेवायच्या झोळीत जागा वाढते. 441 बियांमध्ये झोळी पूर्ण वाढून होते. पुढच्या 459 बियांचा काडीचा उपयोग नाही. आणि नऊशेच्या नऊशे जमवल्यावर बक्षीस काय? सोनेरी रंगाची, चक्क शीच्या आकाराची एक वस्तू. ती मिळाली की बिया घेणारा तो बुवा म्हणाल तेव्हा नाचून दाखवतो. बास.

ही बनवणाऱ्यांनी मुद्दाम केलेली थट्टा आहे आणि असली वही ठेवणाऱ्या मुलाला ती माहीत नसणार, असं मला वाटत नाही. तरीही तो 847 पर्यंत पोहोचला होता. 53 उरले होते.

आता वहीकडे येतो. तुम्ही ती पुरावा म्हणून पाठवलीत. मी ती पाहून अर्धा तास दुसरं काही केलं नाही. पट्टीने आखलेले रकाने: प्रदेश, अनुक्रमांक, प्रकार, तारीख, खूण. प्रदेश पंधरा, प्रत्येकाची बेरीज वेगळी. समासात 0.08, 0.08, कारण एक कोरोक सापडला की नकाशावरची टक्केवारी तेवढीच सरकते. मधल्या पानावर लाल पेनाने एक ओळ खोडलीय आणि शेजारी लिहिलंय, ‘हा दोनदा धरला. चूक माझी. बेरीज दुरुस्त.’ ही चूक दुसऱ्या कोणाला कधीही कळली नसती.

आणि पहिल्या पानावर, सगळ्यात वर: ‘मागील बाकी 112’.

साहेब, बँकेत तुम्ही आहात. सतरा वर्षांच्या मुलाला ‘मागील बाकी’ हा शब्द कुठून सुचला असेल? जंगलात बिया शोधताना तो तुमच्यासारखा हिशेब ठेवत होता. एप्रिलमध्ये तुम्ही खातं उडवलंत, लेजर तेवढं उरलं. तुमच्या शाखेत कोणी रागाच्या भरात असं केलं असतं, तर त्याची चौकशी लागली असती.

याच पानावरची तारीखही बघा. पहिली नोंद 14 ऑक्टोबरची आहे. चाचणी सप्टेंबरमध्ये झाली, हे तुम्हीच लिहिलंय. मागील बाकीच्या 112 त्याआधी खेळता खेळता मिळाल्या असतील, पण वही ठेवून शोधणं चाचणीनंतरचं. म्हणजे गेममुळे मार्क गेले, हा तुमचा क्रम उलटा असण्याची शक्यता मला जास्त दिसते. अकरावीचं फिजिक्स सुरुवातीलाच सदिश आणि कलनशास्त्र मागतं, गणिताच्या तासाला डेरिव्हेटिव्ह यायला मात्र बराच वेळ असतो. या फटीत दहावीला नव्वदच्या वर असलेली मुलं दरवर्षी माझ्यासमोर येऊन बसतात. आयुष्यात पहिल्यांदा 9 मार्क मिळालेला मुलगा अशा ठिकाणी गेला जिथे मेहनत केली की आकडा वाढतो, आणि शेजारच्या बाकावरच्या मुलाने जास्त वाचलं म्हणून आपला घसरत नाही. पर्सेंटाइलच्या जगात ही चैन नसते. त्याने विसाव्याची जागा शोधली होती. ती जागा अभ्यासाच्या वेळेवर थोडी चढली असेल, ते मान्य. त्यावर उपाय होता: वेळ ठरवणं. आणि फिजिक्सच्या त्या धड्यांसाठी एखाद्या शांत मास्तरांकडे दोन महिने शिकवणी.

व्यसन हा शब्द तुम्ही पत्रात पाच वेळा वापरलाय. जागतिक आरोग्य संघटनेने ‘गेमिंग डिसऑर्डर’ला आजारांच्या यादीत घेतलंय, 2022 पासून ती यादी लागूही आहे. पण त्यात खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं आणि हे साधारण वर्षभर चालणं, असं सगळं बघतात. रात्री एक तास खेळून आपणहून झोपायला जाणारा आणि चूक लाल पेनाने दुरुस्त करणारा मुलगा त्यात मला बसत नाही.

मला काळजी एप्रिलनंतरच्या मुलाची आहे. तुम्ही ज्याला ‘खूपच फरक’ म्हणता, त्याची. पाचला उठतो, उलट बोलत नाही, ताट खोलीत नेतो. बारावीतला मुलगा अडीच महिने बापाला एकदाही उलट बोलत नाही, याला सुधारणा म्हणू नका. त्याने तुमच्याशी वाद घालणं बंद केलंय, कारण वाद घालून काही वाचतं यावरचा त्याचा विश्वास गेलाय. हे असंच चालू राहिलं, झोप-भूक बिघडली किंवा तो मित्रांनाही टाळायला लागला, तर समुपदेशकाकडे किंवा मनोविकारतज्ज्ञांकडे जायला लाजू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर मोफत आहे. सुरुवातीला तुम्ही स्वतःच त्यावर बोललात तरी चालेल.

त्याच्याआधी मात्र त्याची माफी मागा. ‘मी ते पुसायला नको होतं. चुकलो.’ एवढंच म्हणायचं. पुढे ‘पण तुझ्या भल्यासाठीच’ आलं की आधीचं सगळं पाण्यात. तो काही बोलणार नाही, कदाचित उठून जाईल. जाऊ द्या.

मी सोवळा नाही. वीसेक वर्षांपूर्वी एका आईला मीच सांगितलं होतं की बारावीपुरता तबला माळ्यावर ठेवा. ठेवला. मुलगा इंजिनिअर झाला, तबला माळ्यावरच राहिला. कर्वे रोडला कधी दिसला तर नमस्कार करतो, थांबत नाही.

आता साडेतीन लाख. भरू नका.

खेळायला आवडतं म्हणजे बनवायला आवडेल, आणि गेम टेस्टर म्हणजे पगार घेऊन दिवसभर खेळणारा माणूस, हा गैरसमज या डिप्लोमांच्या जाहिराती नीट जोपासतात. पुण्यातच 2008 पासून यूबीसॉफ्ट या मोठ्या गेम कंपनीचा स्टुडिओ आहे, तेव्हा हे काम काही सातासमुद्रापलीकडचं नाही. टेस्टरला गेम तयार झालेला मिळत नाही, मोडका मिळतो. एकाच भिंतीवर दोनशे वेळा जाऊन आदळायचं: धावत, उडी मारून, घोड्यावरून, पावसात. दोनशे एकाव्या वेळी पात्र भिंतीतून आरपार गेलं, तर नेमकं काय केल्यावर ते झालं, काय व्हायला हवं होतं, पुन्हा करून पाहिलं तर होतं का, हे पायरी-पायरीने लिहून द्यायचं. दुसऱ्या दिवशी नवी आवृत्ती येते आणि तीच भिंत पुन्हा पहिल्यापासून. तुमचा मुलगा हे करू शकेल का? त्या वहीवरून वाटतं की उत्तम करेल. पण त्याला साडेतीन लाखांचा कागद लागत नाही, आणि ते काम केल्यावर त्याला घरी येऊन खेळावंसं वाटेल का, ते मी सांगू शकत नाही. बनवणाऱ्यांचं तर आणखी वेगळं. त्यांना प्रोग्रॅमिंग लागतं, गणित लागतं, चित्र लागतं, आणि आपली आवडती कल्पना शंभरदा फेकून देण्याची तयारी लागते. त्याला खरंच कुतूहल असेल तर गोडॉट नावाचं गेम बनवायचं फुकट सॉफ्टवेअर आहे. दिवाळीच्या सुट्टीत एका स्क्रीनचा छोटा गेम करून बघू दे. तोही त्याने विचारलं तरच. तुम्ही लॅपटॉपवर टाकून ठेवू नका.

वहिनींचा हेतू चांगला आहे, मला शंका नाही. पण मुलाच्या बाजूने बघा. त्याचं स्वतःचं असं एक काहीतरी होतं. वडिलांनी ते वाईट म्हणून पुसलं. आता तेच चांगलं म्हणून फीची पावती फाडून परत देणार. दोन्ही वेळा त्याला विचारलेलं नाही. पत्रात मी शोधलं, त्याला काय हवंय याबद्दल एक वाक्य नाही. कंसातसुद्धा नाही.

परीक्षांचं म्हणाल तर त्यात नवीन काही नाही. बोर्ड आणि पीसीएमची सीईटी आहेच, फॉर्म वेळेवर भरा. डिझाइनकडे जायचं त्याच्या मनात असेल तर आयआयटी मुंबईची यूसीड आणि एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची परीक्षा आहे, त्यांचे फॉर्म भरायच्या तारखा बोर्डाच्या आधी संपतात.

वहीवरून कुंडली मांडायचा माझा धंदा नाही. तरी एक सांगतो, कारण आपण पुण्यात राहतो. शेवटचा दाणा हाती येईपर्यंत मोजत राहणं हा ज्यांचा व्यवसाय आहे, अशी माणसं याच गावात आहेत. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1919 ला सुरू झाली आणि 1966 ला पुरी झाली. बाराशेहून अधिक हस्तलिखितं, श्लोकाला श्लोक लावून. तिकडे येरवड्याला डेक्कन कॉलेजात संस्कृतचा महाकोश 1948 पासून चालू आहे. सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून एक कोटीच्या आसपास चिठ्ठ्या केल्या आणि छापील खंड अजून ‘अ’ या अक्षरातच आहेत. हे करून मिळणार काय, असं त्यांना कोणी विचारत नाही. (अनुदानाच्या वेळी विचारत असतील.) हवामान खात्याच्या इथल्या शिमला ऑफिसात हवामानाच्या नोंदी सांभाळणारे आहेत, कोरेगाव पार्कच्या बाजूला वनस्पती सर्वेक्षणवाले आहेत, जे एका पानाच्या शिरा मोजण्यात दुपार घालवतात. ऑडिट आहे, सॉफ्टवेअर टेस्टिंग आहे, नकाशे आणि जीआयएस, म्हणजे संगणकावरचं नकाशांचं काम, आहे. त्याला यातलं काही आवडेल की नाही, मला माहीत नाही. इंजिनिअर होऊनही असा माणूस राहता येतं. बारावी झाल्यावर त्याला एकट्याला माझ्याकडे पाठवा. तुम्ही खाली गाडीत बसा.

आणखी एक, हे आजच बघा. स्विचवरचं पुसलेलं सेव्ह यंत्रातून परत येत नाही. पण मामाने खातं उघडून देताना सशुल्क सदस्यत्व घेतलं असेल, तर सेव्हची एक प्रत क्लाउडवर असू शकते. मामाला फोन करून विचारा. नसेल तर ते खरं तेही मुलाला सांगा. असेल, तर स्वतः उतरवून, यंत्र चार्ज करून, टेबलावर मांडून ‘बघ, काय आणलंय’ असं मात्र करू नका. फक्त आहे एवढं सांगा. उरलेले 53 शोधायचे, पुन्हा शून्यापासून सुरू करायचं, की आता नकोच, ते तो बघेल. वही तेवढी लगेच परत द्या.