तोऱ्याखालची लाज

अगं, दारू सोडायला तुझ्याकडे समुपदेशनाला येणारा खानापूरचा तो पेशंट ‘तुझ्यासारखे छप्पन्न बघितलेत’ म्हणाला, ते मनाला लावून घेऊ नकोस. त्या तोऱ्याखाली बहुतेकदा लाज दडलेली असते आणि दारू तीच लाज बुडवायला लागते. म्हणून बायकोसमोर त्याला खोटं पाडू नकोस. अपमान झाला की तो उठतो आणि थेट गुत्ता गाठतो.

आत्मप्रौढीचा, म्हणजे नार्सिसिस्टिक व्यक्तिमत्त्व विकाराचा, शिक्का मारायची घाई नको. त्या निदानाच्या निकषांत ९ लक्षणं आहेत, त्यांतली किमान ५ लागतात, तीही तरुणपणापासूनची. नशेतला माणूस तसाही फुशारक्या मारतो. आधी काही आठवडे दारू सुटू दे. सुटतानाचे पहिले ३-४ दिवस मात्र डॉक्टरांच्या नजरेखालीच. झटके, भ्रम जिवावर बेततात.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांचा एकमेकांना आधार देणारा गट, त्याची पहिली पायरी, दारूपुढे आपण हतबल आहोत, ही अशांच्या घशाखाली उतरत नाही. मी तिथं अडून बसत नाही. निपाणीच्या एका तंबाखू व्यापाऱ्याला विचारलं होतं, ‘बाजारात तुमच्या शब्दाला वजन आहे, ते टिकवायचं तर काय करायला हवं?’ तो पहिल्यांदाच गप्प बसला.

तुझा पेशंट चिडून कन्नडमध्ये बोलू लागला, तर तूही कन्नडमध्ये बोल. आणि तुझं फार कौतुक करू लागला, तर त्याच दिवशी माझ्याकडे ये.