दिव्यांग मुलांना सोबत घेऊन निसर्ग शिक्षण आणि संवर्धनात करिअर करायचं आहे. कोणता कोर्स करू? पोट भरेल का?

लगेच नाही भरणार. मी सात वर्षं सकाळी ट्रेल (मुलांना घेऊन निसर्गात पायी फेरी) आणि संध्याकाळी दहावीच्या गणिताच्या शिकवण्या करून काढली आहेत.

कोर्सचं म्हणाल तर उत्तरकाशीच्या 'निम'चा, म्हणजे नेहरू गिर्यारोहण संस्थेचा, बेसिक कोर्स करा (ए ग्रेड काढा, नाहीतर अ‍ॅडव्हान्स विसरा). अभ्यासक व्हायचं असेल तर डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था आहे. मला जे लागलं ते मात्र या कोर्सांच्या बाहेर होतं.

माझी पहिली अशी ट्रेल सिंहगड व्हॅलीत होती. अंध शाळेतली अकरा मुलं. आदल्या रात्री आमच्या ग्रुपमधल्या एका ज्येष्ठ दादांचा फोन आला, "अगं, त्यांना तू दाखवणार काय?" मला उत्तर सुचलं नाही. तांबट पक्ष्याची टुकटुक ऐकवीन, ऐनाच्या झाडाची मगरीसारखी साल हाताला लावीन, असं काहीतरी पुटपुटले.

सकाळी सवयीने तोंडून गेलंच, "तो बघा समोर गड." जीभ चावली. चौथीतल्या एका मुलीने शांतपणे विचारलं, "ताई, केवढा?" म्हटलं, पायथ्याच्या आतकरवाडीपासून साधारण सहाशे मीटर चढ. ती गप्प. मग, "म्हणजे किती पायऱ्या?" सहा इंचाची पायरी धरली तर चार हजार. ती बोटांवर काहीतरी मोजत राहिली आणि म्हणाली, "आमच्या शाळेचा जिना चाळीसचा आहे. तो शंभर वेळा!" लगेच मागच्या मुलाने विचारलं, "मग शिवाजी महाराजांचे मावळे धापा नाही टाकायचे?" पुढचा अर्धा तास पक्षी राहिले बाजूला. डोळस मुलांच्या शंभरेक ट्रेल केल्या असतील, गड केवढा हे मला कुणी विचारलेलं आठवत नाही. ते फोटो काढतात.

तेव्हा माझं मत विचाराल तर आधी विशेष शिक्षणाची पदविका करा, भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेली. डोंगर नंतरही शिकता येतो. अंध मुलाचा हात धरून ओढायचं नसतं, त्याला आपलं कोपर धरू द्यायचं असतं, एवढंसुद्धा वीस-वीस वर्षं ट्रेक लीड करणाऱ्यांना माहीत नसतं. वर विचारणार, दाखवणार काय!

हां, एक राहिलं. पावसाळ्यात मी ही मुलं नेत नाही, शेवाळावर माझाच भरवसा नसतो. आणि 'समावेशक' म्हणवून घ्यायची मला लाजच वाटते, कारण व्हीलचेअरवरचं एकही मूल मी आजवर नेऊ शकलेली नाही. मी नेहमी जाते तिथल्या संडासालाच तीन पायऱ्या आहेत. दादांना अडवायचंच होतं तर त्या तीन पायऱ्यांवरून अडवायचं होतं. मी गप्प बसले असते.