सहासष्टीनंतरची पेस्लिप

अनेक आशीर्वाद.

ब्रिटनमधल्या पेरोलच्या कामात तू आता रुळतो आहेस, म्हणून एका विषयावर जरा सविस्तर लिहिते. स्टेट पेन्शन, म्हणजे सरकारी निवृत्तिवेतन, सुरू झालेली आणि तरीही रोज कामावर येणारी माणसं तुझ्या यादीत असतील. "अजून कशाला काम करता?" असं त्यांना हसत हसतसुद्धा विचारू नकोस. पासष्टी झाली की माणसाला घरी पाठवायची सरसकट मुभा मालकांना होती, ती २०११ मध्ये गेली. पगारामुळे पेन्शन कापण्याचा नियम तर १९८९ मध्येच रद्द झाला. ही माणसं कुणाची जागा अडवून बसलेली नाहीत.

ती तुझ्याकडे येतील ती एकच तक्रार घेऊन: "पेन्शन सुरू झाली आणि पगारावरचा कर एकदम वाढला." इथे घाई करू नकोस, शेजारी बसवून समजावून सांग. स्टेट पेन्शन करपात्र आहे, पण ती हातात देताना त्यातून कर कापत नाहीत. करमुक्त उत्पन्न १२,५७० पौंड. २०२५-२६ सालची पूर्ण नवी पेन्शन आठवड्याला २३०.२५, म्हणजे वर्षाला ११,९७३ पौंड. उरले जेमतेम ५९७! म्हणून टॅक्स कोड, म्हणजे पगारातून किती कर कापायचा ते सांगणारा संकेत, बदलतो आणि पगाराच्या जवळपास प्रत्येक पौंडावर कर बसतो. हे आकडे कागदावर मांडून दाखवले की माणूस शांत होतो. "सिस्टिमच तशी आहे" या उत्तराने तो दुखावतो. कोड चुकीचा वाटला तर त्यांनी एचएमआरसीला, म्हणजे ब्रिटनच्या कर खात्याला, कळवायचं, तू परस्पर बदलायचा नाही.

नॅशनल इन्शुरन्स, म्हणजे पगारातून कापली जाणारी सरकारी विम्याची वर्गणी, मात्र त्यांच्या पगारातून थांबायला हवी. पासपोर्ट किंवा जन्मदाखला बघ आणि पेरोलमधलं त्यांच्या नॅशनल इन्शुरन्स कॅटेगरीचं अक्षर 'सी' कर. मालकाचा हिस्सा चालूच राहतो. अक्षर बदलायचं राहिलं तर दर महिन्याला त्यांच्या हक्काचे पैसे जातात, आणि बऱ्याच जणांना ते कळतही नाही. पेन्शनचं वय २०२६ ते २०२८ या काळात ६६ वरून ६७ वर जातं आहे, तेव्हा अंदाजाने चालू नकोस, प्रत्येकाची जन्मतारीख तपास.

कुणी विचारेल, पेन्शन पुढे ढकलू का? अर्ज केला नाही की ती आपोआप लांबते आणि दर नऊ आठवड्यांना एक टक्का, वर्षाला सुमारे ५.८ टक्के वाढते. पगार चांगला असेल तर हा मोह होतो. पण सोडलेल्या एका वर्षाची भरपाई व्हायला साधारण सतरा वर्षं लागतात. हा हिशोब सांग आणि तिथे थांब. स्वतःच्या तब्येतीचा अंदाज त्यांना तुझ्यापेक्षा जास्त असतो.

पुढचा पेरोल बंद करण्याआधी पासष्टीच्या पुढच्या सगळ्यांची यादी काढ. काही अडलं तर लिही.