३२ आठवड्यांना जन्मलेल्या आमच्या बाळाचं वजन १२०० ग्रॅमच आहे. पुढे तब्येतीचा त्रास होईल का?

होऊ शकतो, पण नुसत्या वजनावरून कोणी भविष्य सांगत असेल तर ऐकू नका. बाळ किती आठवड्यांचं आणि त्या आठवड्यांच्या मानाने केवढं, हे दोन्ही बघावं लागतं.

माझी लेकही ३२ आठवड्यांची, ११८० ग्रॅम. शेजारच्या काचेच्या पेटीत (इनक्युबेटरमध्ये) २८ आठवड्यांचा मुलगा, ११५० ग्रॅम. सासूबाई म्हणाल्या, "दोघं सारखीच." अजिबात नाही! तो त्याच्या आठवड्यांच्या मानाने बरोबर होता, फक्त फार लवकर आला होता. फुफ्फुसं कच्ची, म्हणून श्वासाला मशीन. माझी मात्र पोटातच वाढायची थांबली होती. ३२ आठवड्यांना साधारण पावणेदोन किलो भरायला हवं. श्वास आपला आपण घ्यायची, पण अंगात साठाच नाही, साखर सारखी खाली जायची. टाच टोचून टोचून काळीनिळी झालेली. सिस्टर सिरिंज उंच धरायच्या, २ मिली दूध नळीतून हळूहळू उतरायचं, आणि मी त्या दुधाच्या रेघेकडे बघत बसायचे.

त्यातच मला ऐकवलं गेलं, "नीट खाल्लं असतंस तर ही वेळ आली नसती." माझा बीपी वाढला होता, वारेतून (प्लासेंटातून) बाळाला रक्त पुरत नव्हतं, डॉपलरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, ते स्पष्ट दिसलं होतं. चार घास जास्त खाऊन वार सुधारत नाही. तेव्हा मी गप्प बसले, त्याचं आजही वाईट वाटतं.

पोटातच वाढ खुंटलेल्या अशा बाळांना त्याच आठवड्यांच्या भरल्या अंगाच्या बाळांपेक्षा फुफ्फुसांचा, आतड्यांचा आणि डोळ्यांच्या पडद्याचा धोका जास्त. डोळ्यांची तपासणी चुकवू नका. डोक्याचा घेर दर आठवड्याला मोजायला लावा. आमच्याकडे वजन रोज व्हायचं, टेप मात्र मी मागितल्यावरच निघायची. डोकं वाढतंय म्हणजे मेंदू वाढतोय. २ वर्षांचं होईपर्यंत वय प्रसूतीच्या ठरलेल्या तारखेपासून धरा, म्हणजे उगीच तुलना होणार नाही. आणि घाईने गुबगुबीत करायच्या मागे लागू नका.

हो, काही बाळं मुळातच लहान चणीची असतात, काहींत जंतुसंसर्ग किंवा जनुकीय कारण असतं, आणि आईचं खरंच कुपोषण झालं असेल तर त्याचाही परिणाम होतो. तुमच्या बाळाचं कारण डॉक्टरच सांगतील. सोनोग्राफीची फाइल घेऊन जा. त्यात वारेचा रक्तप्रवाह कमी असल्याचं लिहिलेलं असेल, तर तो कागद घरी सगळ्यांना वाचायला द्या.